जुन्या 1613 ला कुठला एअर फिल्टर: कंपनीचा, लोकल की धुता येणारा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. गाडी 2005 चा टाटा 1613 ट्रक, टर्बोवाला (टर्बो म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा). हंगामात कारखान्याला ऊस, बाकी वर्षभर क्रशरवरून खडी आणि क्रश सँड. कंपनीचा एअर फिल्टर महाग वाटतो. दुकानदार निम्म्या पैशात लोकल देतोय. ओळखीच्या एकाने धुऊन कायम वापरता येणारा कापडी फिल्टर सुचवलाय, त्याने गाडी मोकळी होते आणि ॲव्हरेज वाढतं असं त्याचं म्हणणं. गाडी अजून चार-पाच वर्षं चालवायची आहे, आणि ती हल्ली थोडं ऑइल खायला लागली आहे.

आधी उत्तर, मग कारणं. कागदी फिल्टरच घ्या. तो टाटाच्या खोक्यातला असो किंवा फ्लीटगार्ड, मान, डोनाल्डसन, एलोफिक अशा फिल्टर बनवण्याचाच धंदा असलेल्या कंपनीचा असो, दोन्ही चालतील. फक्त फिल्टर ज्यात बसतो त्या तुमच्या डब्याच्या पार्ट नंबरला तंतोतंत जुळणारा हवा. लोकल नको. कापडी तर तुमच्या कामाला अजिबात नको. आणि नवा फिल्टर आणायच्या आधी डबा, त्याची रबरं आणि तिथून टर्बोपर्यंत जाणारा पाइप उघडून बघा. वीस वर्षांच्या गाडीत धूळ फिल्टरमधून कमी आणि त्याच्या कडेने जास्त जाताना मी बघतो, आणि तिथे कितीही महागडा फिल्टर टाकला तरी उपयोग नसतो.

आता कारणं. तुमचं 697 इंजिन 5,675 सीसीचं. फोर स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा सगळे सिलिंडर भरून घेतं, म्हणजे 2000 आरपीएमला मिनिटाला साडेपाच हजार लिटरच्या वर हवा. तासाला सुमारे 340 घनमीटर, आणि यात टर्बोचा दाब धरलेलाच नाही. डिझेलला पेट्रोल गाडीसारखी हवा अडवणारी झडप नसते, त्यामुळे ॲक्सिलरेटर सोडला म्हणून हवा तेवढ्या प्रमाणात कमी होत नाही. क्रशरवर रांगेत इंजिन चालू ठेवून उभी असलेली गाडीही आजूबाजूची भुकटी ओढतच असते. एक लिटर डिझेल जाळायला निदान दहा हजार लिटर हवा लागते, प्रत्यक्षात बरीच जास्त. टाकीत जाणाऱ्या डिझेलची आपण एवढी काळजी घेतो, दोन-दोन फिल्टर लावतो, पण हवेकडे कुणी बघत नाही.

फिल्टर किती धूळ पकडतो हे टक्क्यांत सांगतात, आणि फसगत तिथेच होते. समजा एका फिल्टरच्या आयुष्यात त्याच्यापर्यंत एक किलो धूळ पोचली. 99.9 टक्के पकडणाऱ्या फिल्टरमधून एक ग्रॅम आत जाईल. 99 टक्केवाल्यातून दहा ग्रॅम. 98 टक्केवाल्यातून वीस ग्रॅम. ऐकायला दोन टक्क्यांचाही फरक नाही, पण लायनरच्या, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो त्या नळकांड्याच्या, दृष्टीने तो वीसपट आहे. चांगला कागदी फिल्टर 99.9 च्या आसपास किंवा त्यावर असतो. तेल लावलेले कापडी फिल्टर बहुधा 99 च्या खाली राहतात. जुन्या गाड्यांवरचे तेलाचे एअर क्लीनर साधारण 95 ते 98. लोकल कागदी फिल्टरचा आकडा कुणीच सांगत नाही, कारण तो कुणी मोजलेलाच नसतो. फिल्टर तपासायची आयएसओ 5011 नावाची पद्धत आहे, त्यात ठरावीक बारकाईची धूळ सोडून आत किती गेली ते वजनाने मोजतात. नावाजलेल्या कंपन्या ही चाचणी करतात, गल्लीतल्या शेडमध्ये ती होत नाही.

आत जाणारी धूळ करते काय? माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो. इंजिनला सगळ्यात जास्त त्रास देतात ते 5 ते 20 मायक्रॉनचे कण, कारण पिस्टनची रिंग आणि लायनर यांच्यामधल्या तेलाच्या थरात ते बरोबर अडकतात आणि दोन्ही बाजू घासतात. आपल्याकडची खडी काळ्या दगडाची, बेसॉल्टची. त्यातली खनिजं लायनरच्या लोखंडापेक्षा कठीण. रस्त्यावरच्या धुळीत वाळूचा अंश असतो, तो त्याहून कठीण. सुरुवात वरच्या रिंगपासून होते. वरची रिंग जिथे थांबून खाली वळते तिथे लायनर सगळ्यात जास्त झिजतो. हेड काढल्यावर त्या जागेवर नख फिरवलं की पायरी लागते. मग कॉम्प्रेशन उतरतं, सकाळी गाडी लवकर उठत नाही, ब्रीदरमधून (इंजिनात कोंडलेली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) धूर यायला लागतो आणि ऑइल वर चढून जळायला लागतं. तुमची गाडी ऑइल खाते म्हणालात, त्याकडे शेवटी येतो.

'मोकळी होते' या म्हणण्याबद्दल. पेट्रोल गाडीत, तीही शर्यतीला तयार केलेल्या, या बोलण्याला थोडा आधार आहे. तुमच्या गाडीत ताकद ठरवतो डिझेल पंप. पंप जेवढं डिझेल देतो तेवढंच जळतं, आणि ते जळायला लागते त्यापेक्षा जास्त हवा बहुतेक वेळ सिलिंडरमध्ये आधीच असते. जास्तीची हवा आली म्हणून जास्तीची ताकद येत नाही. दुसरं, नवा कागदी फिल्टर हवेला अडवतो तरी किती? डबा आणि पाइप धरून हा अडथळा पाण्याच्या दोन-अडीचशे मिलिमीटर उंचीच्या दाबाएवढा असतो. हवेचा एकूण दाब त्याच मापात दहा हजार मिलिमीटरच्या वर आहे. म्हणजे दोन-अडीच टक्के. कापडी फिल्टरने त्यातला थोडा भाग वाचवला तर हाती एखादा टक्का लागेल, तोही टर्बोने आधीच भरून काढलेला असतो. गाडी मोकळी झाल्यासारखी वाटते ते खरं असतं, पण त्याचं कारण आधीचा फिल्टर पार तुंबलेला होता हे असतं. त्या जागी नवा कागदी टाकला असता तरी तेच वाटलं असतं.

कापडी फिल्टरचा 'लाइफटाइम' हा शब्दही नीट तपासून घ्यावा. तो धुवायचा, सावलीत पूर्ण सुकवायचा, मग त्याचं ठरलेलं तेल ठरलेल्या प्रमाणात लावायचं आणि ते कापडात सगळीकडे भिनेपर्यंत थांबायचं. धूळ पकडते ती तेलामुळे. तेल कमी पडलं की नुसती जाळी उरते. जास्त झालं तर तेच तेल ओढलं जाऊन पाइपात आणि टर्बोच्या पंख्यावर बसतं आणि त्यावर धूळ चिकटते. हंगामात कारखान्यावर नंबर लागलेला असताना फिल्टर सुकायला किती वेळ मिळेल, हे तुमचं तुम्हीच सांगा. ड्रायव्हर ओला फिल्टर बसवून निघेल, किंवा पंपावरच्या पाण्याच्या प्रेशरने धुऊन टाकेल. क्रशरच्या कामात हा फिल्टर दर आठवड्याला धुवावा लागेल, आणि प्रत्येक धुण्यात चूक व्हायला जागा आहे. स्वच्छ हवेतल्या, कमी चालणाऱ्या, मालक स्वतः सांभाळतो अशा गाडीला कुणी तो लावला तर मी भांडायला जाणार नाही. खडीच्या गाडीला लावू देणार नाही.

आता कंपनीचा की बाहेरचा. टाटा किंवा लेलँड स्वतः फिल्टर बनवत नाहीत. फिल्टर कंपन्यांकडून आपल्या मापात बनवून घेतात आणि आपल्या खोक्यात विकतात. त्याच कंपन्या पुष्कळदा तोच किंवा त्याच दर्जाचा माल स्वतःच्या नावाने बाजारात आणतात, आणि तो बरेचदा थोडा स्वस्त पडतो. म्हणून 'कंपनीचा' आणि 'बाहेरचा' अशी सरळ दोन भागांत वाटणी करू नका. टाटाच्या खोक्यातला फिल्टर आणि चांगल्या फिल्टर कंपनीच्या खोक्यातला फिल्टर हे दोन्ही एका बाजूला. लोकल आणि डुप्लिकेट हे दुसऱ्या बाजूला. डुप्लिकेट म्हणजे लोकल मालच, फक्त खोकं आणि नाव मोठ्या कंपनीचं. तो लोकलपेक्षा वाईट, कारण लोकलचे पैसे देताना निदान आपण काय घेतोय ते माहीत असतं. अधिकृत डीलरकडून, जीएसटी बिलावर घ्या, खोक्यावरचा होलोग्राम किंवा स्क्रॅच करायचा कोड तपासा. नेहमीच्या भावापेक्षा फारच खाली कुणी देत असेल तर तिथेच थांबा.

काउंटरवर हातात घेऊन काय बघायचं ते सांगतो. जुना फिल्टर सोबत न्या आणि दोन्ही टेबलावर शेजारी उभे करा. उंची बघा. लोकल फिल्टर दोन-तीन मिलिमीटर आखूड निघणं ही रोजची गोष्ट आहे, आणि त्याचा परिणाम मोठा आहे: विंग नट (फिल्टर डब्यात आवळायचा पंखांचा नट) पूर्ण आवळला तरी फिल्टरच्या टोकाचं रबर डब्याच्या तळावर दाबलं जात नाही आणि तिथे सगळीकडून फट राहते. मग टोकाच्या चकतीचं रबर अंगठ्याने दाबा. चांगलं रबर दबतं आणि लगेच परत येतं. लोकलला फोमसारखं मऊ काहीतरी चिकटवलेलं असतं, ते दबलं की दबलेलंच राहतं, नाहीतर सुरुवातीपासूनच कडक असतं. कागदाच्या घड्या बघा: सगळ्या सारख्या अंतरावर हव्यात. दहा घड्या एकमेकींना चिकटलेल्या आणि शेजारी बोटभर मोकळी जागा असेल तर चिकटलेल्या भागातून हवा जातच नाही आणि मोकळ्या भागावर सगळा भार येतो. घड्या मोजा. त्याच आकाराच्या फिल्टरमध्ये घड्या बऱ्याच कमी असतील तर कागद वाचवलेला आहे, तो लवकर तुंबणार. शेवटी आतली पत्र्याची जाळी. ती पातळ असली तर तुंबलेल्या फिल्टरला इंजिन आतून ओढतं तेव्हा अख्खा फिल्टर चेपतो. असा बादलीसारखा चेपलेला फिल्टर डब्यातून काढलेला मी पाहिलाय, त्याचा कागद चकतीपासून सुटला होता.

या सगळ्या तपासण्या पास झालेला लोकलही मी घेणार नाही, कारण कागदाची भोकं केवढी आहेत हे डोळ्याला दिसत नाही. एका फिल्टरमागे वाचतात काही शेकडे. पिस्टन-लायनर सेट, बेअरिंग, हेडचं काम आणि मजुरी धरून इंजिनचा खर्च लाखाच्या घरात जातो, शिवाय हंगामात गाडी उभी राहते ते वेगळं. जुन्या गाडीला कशाला महाग फिल्टर, असं पुष्कळ मालक म्हणतात. माझं म्हणणं उलट आहे. नव्या गाडीचे लायनर थोडी झीज सोसतात. तुमच्या लायनरला आता झिजायला फारसं उरलेलं नाही.

हवा मारायच्या सवयीवर मी सगळ्यात जास्त बोलतो, कारण आपल्याकडे फिल्टर बहुतेक वेळा यानेच मरतात. पंक्चरच्या दुकानात गाडी थांबली की क्लीनर फिल्टर काढतो, आधी टायरवर चार वेळा आपटतो, मग टायरच्या हवेची नळी थेट कागदाला लावतो. त्या टाकीत 120-150 पीएसआय दाब असतो. कागदाला झेपतो 30 पीएसआयच्या आतला, तोही आतून बाहेर आणि नळी लांब धरून. त्या झोताने कागदाचे तंतू सरकतात आणि दहा-वीस मायक्रॉनच्या वाटा तयार होतात. लोक अंधारात आत बॅटरी धरून बघतात, उजेडाचा ठिपका दिसला नाही की फिल्टर चांगला म्हणतात. मोठं भोक त्यात दिसतं, म्हणून बॅटरी जरूर लावा, पण केसाच्या चौथ्या हिश्श्याएवढी वाट त्यात दिसणार नाही. आपटल्याने चकती वाकते आणि कागद आणि चकती यांच्यातला चिकट जोड सुटतो. ते तर बॅटरीनेही नीट कळत नाही.

दुसरी गोष्ट कमी लोकांना माहीत असते. कागदी फिल्टर पीठ चाळायच्या चाळणीसारखं काम करत नाही. कागदावर धुळीचा पातळ थर बसला की तो थरच पुढची बारीक धूळ अडवायला लागतो, त्यामुळे थोडा वापरलेला फिल्टर कोऱ्या फिल्टरपेक्षा चांगलं गाळतो. तुम्ही दर दोन दिवसांनी हवा मारता तेव्हा तो थर उडवून फिल्टरला पुन्हा त्याच्या सगळ्यात कच्च्या अवस्थेत आणता. डबा दर वेळी उघडताना आतल्या भागात धूळ सांडते ती वेगळीच. जेवढं साफ तेवढं चांगलं, हा हिशेब इथे लागू पडत नाही. फिल्टर काढायचा तो तुंबल्यावर.

तुंबला हे कळायचं कसं? त्यासाठी डब्याच्या पुढच्या पाइपवर एक छोटा इंडिकेटर असतो, पारदर्शक, त्यात लाल पट्टी वर येते. टर्बो गाडीत साधारण सव्वासहाशे मिलिमीटर पाण्याच्या दाबाला आणि बिनटर्बोच्या गाडीत पाचशेच्या आसपास ती पूर्ण लाल होते. ती लाल व्हावी लागते इंजिन पूर्ण लोडवर असताना. उभ्या गाडीत ॲक्सिलरेटर मारून खरं कळत नाही, पण पट्टी वर गेली की तिथेच अडकून राहते, म्हणून घाट चढून आल्यावर बघता येते. जुन्या गाड्यांत हा इंडिकेटर तुटलेला असतो आणि त्या भोकात बोल्ट आवळलेला असतो. तुमच्यात तसं असेल तर आधी इंडिकेटर आणा. तो स्वस्त आहे, आणि फिल्टर वेळेआधी फेकून जे पैसे जातात ते तो पहिल्याच वर्षात वाचवतो. इंडिकेटर नसताना लक्षण म्हणजे भरलेल्या गाडीला चढावर काळा धूर आणि पिकप कमी. पीयूसीला धूर जास्त येतोय म्हणून पंप सोडायला आणलेल्या कितीतरी गाड्या नुसत्या फिल्टरने सुधारतात. तुमच्या वर्गाच्या जुन्या गाडीला पीयूसीच्या मशीनवर धुराची मर्यादा 2.45 आहे, तुंबलेल्या फिल्टरने ती सहज ओलांडली जाते.

लाल झाल्यावर हवा मारायचीच असेल तर कमी दाबाने, आतून बाहेर, एखाद-दोन वेळाच. मग नवा. बऱ्याच डब्यांत या मोठ्या फिल्टरच्या आत आणखी एक छोटा फिल्टर असतो, तो मात्र कधीही साफ करायचा नाही. बाहेरचा फाटला किंवा काढताना धूळ पडली तर इंजिन वाचवायला तो असतो. बाहेरचा तिसऱ्यांदा बदलताना आतलाही नवा टाका. आतला फिल्टर काळपट दिसायला लागला तर समजायचं की बाहेरचा किंवा त्याचं रबर गळतंय. काही मिस्त्री आतला काढून ठेवतात, 'हवा अडते' म्हणून. तुमच्या डब्यात आतल्याची जागा असेल आणि ती रिकामी असेल, तर तो सगळ्यात आधी आणा.

आता डबा. तळाशी एक रबरी चोच असते, खाली दोन ओठ असलेली. मोठी धूळ डब्यात गोल फिरून तिथे जमते आणि इंजिन मंद झालं की ओठ उघडून खाली पडते. ही चोच कडक होऊन कायम उघडी राहिली तर तिथूनच उलट धूळ वर ओढली जाते. गळून पडली म्हणून तिथे चिंधी कोंबलेल्या गाड्या मी नेहमी बघतो. मग जमलेली सगळी धूळ फिल्टरवरच बसते आणि फिल्टर काही दिवसांत तुंबतो. ड्रायव्हरला सांगा, सकाळी पाणी-ऑइल बघताना ही चोच दोन बोटांनी दाबायची. हंगामात तिच्यात पाचटाचा तुकडा अडकतो, तेव्हा तर नक्की.

विंग नटखाली एक वॉशर असतो, रबर लावलेला. हा वॉशर हरवतो, आणि नवा फिल्टर बसवताना कुणाच्या लक्षात येत नाही. मागच्या हंगामानंतर उसाची एक गाडी ऑइल खाते म्हणून आमच्याकडे आली. फिल्टर नवाकोरा, चांगल्या कंपनीचा. पण नटाखाली वॉशर नव्हता, आणि फिल्टरच्या आतल्या स्वच्छ बाजूला, बरोबर स्टडच्या भोवती, बोटाच्या आकाराचा तपकिरी पट्टा उतरलेला होता. तिथून धूळ सरळ टर्बोकडे जात होती. हेड काढलं तेव्हा सगळ्या लायनरना वर पायरी होती.

डब्यापासून टर्बोपर्यंतचा रबरी होज बाहेरून बरा दिसतो आणि वळणावर खालच्या बाजूने चिरलेला असतो. काढून हाताने वाकवून बघा. क्लिपा नव्या टाका, तारेने आवळलेला होज चालणार नाही. मग पाइपच्या आतून पांढरं कापड फिरवा. कापडावर धूळ आली तर गळती आहे. गळती कुठे ते शोधायचं असेल तर पाइपात आत जोडांजवळ ग्रीसचा पातळ हात फिरवा आणि क्रशरवर एक दिवस गाडी चालवा. ज्या जोडामागचं ग्रीस मातकट होईल तिथे फट.

तुमच्या दोन्ही कामांचा त्रास वेगवेगळा आहे. उसाच्या दिवसांत पाचटाचे तुकडे आणि भुसा डब्याच्या तोंडावरच्या जाळीत अडकतात, फिल्टरपर्यंत जातही नाहीत. जाळी हाताने साफ केली की झालं. पण शेतात पाचट जाळतात त्याची काजळी फिल्टरवर बसते, ती हवेने निघत नाही. फिल्टर झटकल्यावर धूळ पडत नाही आणि तरीही इंडिकेटर लाल राहतो, तेव्हा कारण काजळी असते, आणि उपाय फक्त नवा फिल्टर. म्हणून हंगाम संपला की मार्च-एप्रिलमध्ये फिल्टर बदलूनच खडीच्या कामाला लागा. क्रशरवर हवा ओढायचं तोंड जेवढं वर तेवढं बरं, कारण धूळ चाकांच्या उंचीवर सगळ्यात दाट असते. तोंड खाली असेल तर केबिनच्या वरपर्यंत पाइप चढवता येतो, मात्र पाइप मूळ पाइपाएवढ्याच व्यासाचा हवा आणि वर पावसाची टोपी हवी. लोडर टिपर भरत असेल तेव्हा इंजिन बंद ठेवायला सांगा. फुकटची गोष्ट आहे, आणि कुणी करत नाही.

तुमच्यापेक्षा जुन्या, तेलाचा एअर क्लीनर असलेल्या गाड्यांचे मालक हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी एवढंच: साध्या रस्त्यावर तो ठीक चालतो, फक्त तेलाची पातळी खुणेपर्यंतच ठेवा आणि तळाशी गाळ बोटाच्या पेरानिम्मा साचला की तेल बदला. खुणेच्या वर तेल भरलं तर इंजिन ते ओढून घेतं आणि डिझेल बंद केलं तरी पळत राहतं, हे धोक्याचं आहे. मंद चालीत हा क्लीनर कमी पकडतो, त्यामुळे खाणीच्या कामाला त्याच इंजिनच्या नंतरच्या मॉडेलचा कागदी फिल्टरचा डबा बसवून घ्यावा.

शेवटी तुमचं ऑइल खाणं. फिल्टर बदलल्याने झिजलेलं परत येत नाही, पण किती झिजलंय ते आत्ताच कळलेलं बरं. टर्बोच्या तोंडाचा पाइप काढा आणि आतला पंखा बॅटरीने बघा. पात्यांच्या पुढच्या कडा धारदार असतील तर धूळ फार गेलेली नाही, ऑइल टर्बोच्या सीलमधून किंवा व्हॉल्व्हच्या गाइडमधूनही जात असेल. कडा बोथट, गोलसर झालेल्या असतील तर धूळ बराच काळ जातेय. मग गरम इंजिनावर ऑइल भरायचं झाकण काढून दाब बघा आणि ब्रीदरचा धूर बघा. पुढच्या ऑइल बदलाला जुन्या ऑइलचा थोडा नमुना तपासायला द्या. मोठ्या ऑइल कंपन्यांच्या डीलरकडून ही सोय होऊ शकते. त्यात सिलिकॉन आणि लोखंड दोन्ही वाढलेले आले तर कारण धूळ. सिलिकॉन वाढलेलं नसेल तर इंजिन उघडायची घाई करू नका, आधी टर्बो आणि गाइड सील बघून घ्या. पंख्याच्या कडांचा जवळून काढलेला फोटो आणि फिल्टरच्या डब्यावरचा पार्ट नंबर पाठवा, कुठला फिल्टर जुळतो ते बघून सांगतो.